साडूंचे एकेचाळीस टेक

जालना जिल्ह्यात माघार म्हणजे काय हे ज्याला ठाऊकच नाही असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दुसऱ्या कुणाच्या नात्यात असते तर मीही लांबून त्यांचं कौतुक केलं असतं. पण नातं साडूचं पडलं. सासुरवाडीच्या प्रत्येक कार्यात आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवतात आणि त्यांची सगळी भांडणं मला मांडीला मांडी लावून बघावी लागतात. मी स्वतः जन्माचा पडखाऊ. भाजीवालीनं किडकं वांगं पिशवीत टाकलं तर घरी येऊन बायकोलाच समजावतो की हल्ली अशीच येतात. साडू मात्र ‘का म्हणून?’ या दोन शब्दांवर जगत आलेत. एकदा अंकुशनगरकडे जाताना एका अरुंद पुलावर त्यांची स्कूटर आणि मागे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर समोरासमोर आले. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेता येत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. साडूंनाही कळत होतं. पण ट्रॅक्टरवाला “ओ काका, घ्या मागं” असं म्हणाला, तिथं सगळं बिघडलं. साडूंनी स्कूटर स्टँडला लावली, तिच्यावर बसले आणि खिशातला पेपर काढून वाचायला लागले. “मी आधी आल्तो पुलावर. का म्हणून मागं घिऊ?” शेवटी मागे खोळंबलेल्या चौघांनी साडूंसकट स्कूटर उचलली आणि पुलापलीकडे नेऊन ठेवली. ही हकिगत ते आजही चारचौघांत सांगतात आणि शेवटी म्हणतात, “पण मी मागं घेतली न्हाई.” आता यावर काय बोलायचं? खरंच घेतली नव्हती.

नोकरी त्यांनी बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात केली. काम तुरीच्या रोपांच्या नोंदी ठेवण्याचं. उन्हातान्हात पिकाच्या ओळी, म्हणजे तास, एकामागून एक फिरायचे, रोपाची उंची घ्यायची, शेंगा मोजायच्या, पानं उलटी करून कीड बघायची आणि रजिस्टरात लिहायचं. वाण कोणता, कुठे दिसला, गुण काय, रोग काय. तीस वर्षं हे केल्यावर माणसाला जग रकान्यांतच दिसायला लागतं. नात्यातल्या एका पोरासाठी मुलगी बघायला गेले, त्या घराची नोंदही त्यांनी याच पद्धतीनं ठेवलेली मी पाहिली आहे. ‘रोग’ या रकान्यात ‘सासरा फार बोलतो’ असं लिहिलं होतं. न्हाव्याकडे गेले तरी आरशात बघून केसांच्या दोन तासांमधलं अंतर सांगतात. आणि नोंदीचा त्यांचा एक नियम आहे, तो ते मोडत नाहीत. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं किंवा कानांनी ऐकलं तेच लिहायचं. पुस्तकातलं लिहायचं नाही. “पुस्तकातलं पीक आन वावरातलं पीक यकच असतं का?” असं ते मोठमोठ्या साहेबांना विचारत आले आणि साहेबही बिचारे मान हलवत आले.

तर अशा माणसाचा मुलगा बियाण्याच्या कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला थायलंडला पाठवलं. तिकडे मिरची-टोमॅटोच्या बियाण्याचं काम मोठं चालतं म्हणे. दोन वर्षांनी त्यानं तिथेच, बरोबर काम करणाऱ्या नोई नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, दोन दिवस जेवली नाही. साडू जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर ती मुलगी पहिल्यांदा आली. गोल चेहरा, ओले केस, हात जोडलेले. साडूंचं इंग्रजी दहावीपर्यंतचं आणि तिचं त्याहून कमी. तिनं एक वाक्य पाठ करून आणलं होतं, ते म्हणाली, “बाबा, टेक मेडिसिन?” मुलानं तिला बापाच्या बीपीच्या गोळीचं सांगितलेलं दिसत होतं. मग थोडं थांबून “टेक रेस्ट,” मग आणखी थांबून “टेक केअर.” शब्द संपले. मग ती नुसतीच हसत राहिली, आणि साडू पडद्याकडे बघत राहिले. मला नंतर म्हणाले, “साडूभाऊ, सख्ख्या पोरानं दोन वर्सांत गोळी घेतली का म्हणून इचारलं न्हाई. ही पोरगी यका शब्दावर उभी राहून इतक्या दूरवर हात पोचवून राह्यली. अर्ध्या वाटेवर आलीच ना ती. मंग ऱ्हायलेली अर्धी वाट मी का म्हणून चालू नये?”

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आली. वर मोठ्या अक्षरात ‘टेक’. खाली चार रकाने आखले: वाण, कुठे दिसला, तिकडचं नाव, रोग. तिच्या एका शब्दाच्या पोटात किती अर्थ आहेत ते सगळे हुडकून काढायचे आणि प्रत्येकाला तिच्याच भाषेतला शब्द मिळवायचा, असं ठरलं. रोज संध्याकाळी सातला फोन. नियम तोच. जो टेक प्रत्यक्ष कुणाच्या तोंडून ऐकला तोच वहीत. त्यामुळे साठी ओलांडलेला हा माणूस बदनापूरच्या स्टेशनात, दवाखान्यात, मोबाइलच्या दुकानात कान टवकारून उभा राहायला लागला. कुणी पोरगा “सेल्फी टेक कर ना” म्हणाला की यांची वही निघालीच. संध्याकाळी नोईनं सांगितलं, फोटो काढणं म्हणजे थाय रूप. साडू हरखले. “रूप तं आपलंच हाय हो. फोटो काढतेत म्हंजी रूप घेतेत.” बसमध्ये चढणं म्हणजे ख्वन रोत, आणि रोत म्हणजे रथ निघाला. तेव्हापासून बदनापूर-जालना बसच्या दारात लोंबकळणाऱ्या पोरांना ते सांगतात की बापू, जरा आत सरक, तू रथावर हायेस. वेळ लागणं म्हणजे चाय वेला. ‘वेला’ ऐकून तर ते घरभर हिंडले. गोळी घेणं किन या, अंघोळ आप नाम, कुणाला सोबत घेऊन जाणं फा पाय. इंग्रज ज्या सगळ्या कामांना एकच शब्द जुंपतो त्या कामांना थाई लोक वेगवेगळे शब्द लावतात, हे कळल्यावर त्यांचा इंग्रजांवरचा राग नव्यानं उफाळून आला. “यकच बैल. त्यालाच नांगर, त्यालाच मोट, त्यालाच वरातीत. आन म्हणे राज्य केलं.”

‘रोग’ हा रकाना मात्र वाचण्यासारखा आहे. ‘टेक रेस्ट’ पुढे लिहिलंय, हे म्हटल्यावर बहुतेक लोक फोन ठेवतात. ‘टेक युवर टाइम’ पुढे लिहिलंय, लग्नाला निघताना बायकोला म्हणू नये, खरं धरते. ‘टेक लीव्ह’ पुढे, रिटायर माणसाला उपयोग नाही. लोक हसायचे, अर्थात. पारावरची मंडळी त्यांना ‘काय टेकसाहेब’ म्हणायला लागली. शाळेतल्या एका मास्तरांनी सांगून पाहिलं की या शब्दाचे सगळे अर्थ डिक्शनरीत छापलेले आहेत, तुम्ही कशाला कष्ट घेता? साडूंनी त्यांना विचारलं, “त्यातला एक तरी अर्थ तुमच्या सुनेनं तुमाला फोनवर इचारला का?” मास्तरांना मुलगा नव्हता, पण साडूंना त्याचं काय. हां हां म्हणता दोन वर्षांत एकेचाळीस टेक झाले. आणि गंमत सांगायची राहिली. हिशेब टेकचा असला तरी त्या निमित्तानं साडू तोडकंमोडकं थाई बोलायला लागले होते, आणि नोई ‘अक्का, जेवलीस का’ इतकं मराठी.

पण या सगळ्या उद्योगाच्या तळाशी एक सल होता, आणि तो वाटूरला होता. वाटूरला साडूंचे थोरले भाऊ राहतात. आबा. ऐंशी पार. वडील लवकर गेले, आबांनीच साडूंना वाढवलं. स्वतः शाळा सोडून धाकट्याला शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. त्या आबांना पोरानं परमुलखात परस्पर लग्न केल्याचं कळलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, “माझ्या उंबऱ्याला ती पोरगी लागायची न्हाई.” साडू उभ्याउभ्या म्हणाले, “मंग मीबी लागणार न्हाई.” आणि दोन वर्षं गेले नाहीत. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. त्या रस्त्यानं परतूरला जायचं झालं तरी वाटूरच्या फाट्यावर बसमध्ये तोंड फिरवून बसायचे. पण अक्का सांगायची की रात्रीच्या जेवणाला बसले की म्हणतात, आबाच्या गुडघ्याचं काय झालं असंल. त्यांना एकच हवं होतं. आबांनी एकदा सुनेच्या डोक्यावर हात ठेवावा. वाटूरला जाणाऱ्या प्रत्येकाकडून ते हाच निरोप धाडायचे. बाकी सगळ्या जगानं नावं ठेवली तरी त्यांना चालणार होतं. हा हात राहिला तर पोराचं लग्न अर्धंच राहणार, असं ते मला एकदा चहा पिता पिता म्हणाले होते आणि त्या दिवशी चहा तसाच राहिला होता.

संक्रांत झाली आणि मुलगा-सून पंधरा दिवसांसाठी आले. सून आली ती पायातल्या चपला दारात अशा सरळ काढून ठेवून आली की अक्काचं अर्धं मन तिथंच पाघळलं. साडूंनी मात्र आधीच घरोघर फिरून ताकीद देऊन ठेवली होती. वहीच्या मागच्या पानांवर त्यांनी ‘तिकडचे रिवाज’ लिहिले होते आणि त्यात पहिला रिवाज होता की थाई माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही. डोकं फार पवित्र, परक्यानं हात लावला तर अपमान. झालं. गल्लीतली एक म्हातारी सुनेचं तोंड बघायला आली. दोन्ही हात पोरीच्या चेहऱ्यावरून फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, ही आपल्याकडची रीत. म्हातारीचे हात अर्ध्या वाटेवर असतानाच साडूंनी ते हवेत धरले. “मावशी, बोटं लांबूनच मोडा.” म्हातारी लांबून बोटं मोडून, तिळगूळ घेऊन, साडूंना शिव्या देत गेली. नोईला काही कळलं नाही, ती हसत होती. मी म्हटलं, अहो, इतकं काय? तर म्हणाले, “मी नोंद केलीय.” त्यांच्याकडे नोंद झाली की विषय संपला.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. “साडूभाऊ, गाडी काढा. वाटूरला जायचंय.” आबांनी बोलावलं का, असं मी विचारलं. “कुणी बोलावलं न्हाई. पोरीला दारात उभी करतो. न्हाई म्हणायचं तं आबानं तिच्या तोंडावर म्हणावं.” आता असल्या स्वारीत माझी गाडी, माझं पेट्रोल आणि माझाच रक्तदाब. पण नाही म्हणणं मला जमत नाही हे मी सांगितलंच आहे. आम्ही जालना सोडलं. मागे अक्का नुकत्याच न्हालेल्या सुनेला पाया कसं पडायचं ते तिसऱ्यांदा शिकवत होती. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. साडूंच्या मांडीवर वही होती आणि ते तिच्यावर बोटं वाजवत होते.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी आम्हाला येताना पाहिलं, उठले नाहीत, आत या असंही म्हणाले नाहीत. फक्त दारात उभ्या असलेल्या आपल्या स्वतःच्या सुनेकडे बघितलं, तशी तिनं पाय धुवायला पाण्याचा तांब्या आणून ठेवला. साडू पाय न धुताच पुढे झाले. छाती काढून म्हणाले, “आबा, ही माझी सून. हाकलायचं असंल तं तिला हाकला. मी आलोच न्हाई समजा.” तेवढ्यात नोई पुढे झाली, शिकवलं होतं तशी पदर सावरत खाली वाकली आणि आबांच्या पायावर डोकं टेकवलं. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आबांचा बाजेवरचा हात उचलला गेला. दोन वर्षांचा हट्ट होता तो, सावकाश वर येत होता. अक्कानं डोळ्याला पदर लावला. हात पोरीच्या डोक्यापासून वीतभर राहिला असेल, आणि साडू ओरडले,

“आबा, डोस्क्याला हात न्हाई!”

हात तिथंच थांबला. आबांनी आधी हाताकडे बघितलं, मग भावाकडे. म्हणाले, “दोन वर्सं निरोप धाडून राह्यला का हात ठिवा म्हून. आज ठिवाया गेलो तं न्हाई म्हनतू. तुजं नेमकं काय हाय रं?” पण साडू माघार कसली घेतात. त्यांनी वही उघडली, मागचं पान काढलं आणि थायलंडात डोकं कसं पवित्र असतं, परक्याचा हात कसा चालत नाही, हे भर अंगणात वाचून दाखवायला सुरुवात केली. मला वाटलं, धरणीमाय दुभंग. आबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी हात परत मांडीवर ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, “म्हंजी माजा हात तिला चालत न्हाई.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. आजवर त्यांना वाटत होतं की ती पोर आपल्या उंबऱ्याला चालत नाही. आता आपलाच हात परका ठरला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. साडूंच्याही ते ध्यानात आलं. पान त्यांच्या बोटांत तसंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बोलायचा थांबलेला मी पाहिला, आणि खरं सांगतो, मला त्याचा बिलकुल आनंद झाला नाही.

नोई अजून खालीच बसली होती. तिनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. त्यानं तिच्या भाषेत दोन वाक्यांत सांगितलं. तिनं मान वर करून सासऱ्याकडे बघितलं, हसली, आणि “नो, बाबा, नो” असं म्हणत आबांचा हात मांडीवरून दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ठेवून तसाच धरून राहिली. मग मुलाला काही म्हणाली. मुलगा म्हणाला, “आबा, ती म्हणतेय परक्याचा हात चालत नाही. घरातल्या मोठ्यांचा चालतो. तिचे आजोबा रोज ठेवायचे.”

आबांनी तो हात लवकर काढला नाही. मग नाक ओढून म्हणाले, “पोरीचे केस वल्ले हायेत. सर्दी होईन तिला. आत न्या.” आणि आम्ही सगळे उंबरा ओलांडून आत गेलो. पाय धुवायचे राहिलेच होते, ते साडू मागे राहून एकटेच धूत बसले, तेही फार वेळ.

परतीच्या वाटेवर बदनापूर आलं. गाडीतून उतरताना साडूंनी खिशातला पेन काढला आणि वहीत त्या पहिल्या रिवाजासमोर ‘रोग’ असा नवा रकाना आखून त्यात लिहिलं, ‘नोंद ठेवणारा’. मला दाखवून म्हणाले, “ही यकच नोंद मी तिसऱ्याच्या तोंडची ऐकीव घेतल्ती. फोनवर तिला इचारायचं ऱ्हाऊन गेल्तं. बराबर झालं. असंच पायजे होतं मला.” त्यातही आवाज भांडायलाच निघाल्यासारखा होता, फक्त समोर दुसरं कुणी नव्हतं.

मुलगा-सून परत गेले त्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी साडू बदनापूरहून जालना, जालन्याहून वाटूर अशा दोन बसगाड्या करून आबांकडे जातात, कारण आबांना व्हिडिओ कॉल लावता येत नाही. सुरुवातीला साडू दोघांच्या मधे बसून इकडचं तिकडे सांगायचे. तिसऱ्या का चौथ्या रविवारी आबा म्हणाले, “तू जरा भायेर बस रं. तुज्या बोलन्यानं आमाला बोलता येईना.” आता ऐंशीचा म्हातारा इकडून बैलाच्या खुरांचं सांगतो, ती तिकडून त्यांच्या भाताचं सांगते, तो मराठीत, ती थाईत, आणि अर्धा अर्धा तास चालतं. गेल्या रविवारी मी सोबत होतो. साडू बाहेर पायरीवर बसले होते. मी शेजारी टेकलो आणि विचारलं, आत काय चाललंय ते तुम्हाला तरी कळतं का?

“कळतं ना,” साडू म्हणाले. “दोघांचंबी कळतं. सबंध घरात मला यकट्यालाच कळतं. पण इचारतं कोण?”

आतून आबांच्या हसण्याचा आवाज आला. साडूंनी मान वळवून दाराकडे पाहिलं, थोडा वेळ ऐकलं, आणि मला पलीकडे सरकायला लावून भिंतीला पाठ टेकून बसले. पाचची बस गेली तरी उठले नाहीत.